गिरगावातली श्रेणी ३ ची चाळ: ओल, गिलावा आणि घरात संडास-बाथरूम, सल्ला हवा

वाडीकर
इमारत तळ अधिक तीन मजली. उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), 'अ' वर्ग, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची. वारसा यादीत श्रेणी ३. विटांच्या भारवाहक भिंती, काळ्या दगडाचं जोतं, सागवानी कडीपाट (तुळयांवर फळ्यांचा मजला), पुढे लाकडी गॅलरी, वर मंगलोरी कौलं. १६ बिऱ्हाडं, घरात फक्त मोरी, संडास मागे सामाईक. पाडायची कुणाचीच इच्छा नाही, नीट राहण्याजोगी करायची आहे.

१) तळमजल्याला कमरेपर्यंत ओल आहे. आधीच्या दुरुस्तीतला सिमेंटचा गिलावा फुगून पडतोय. आता काय लावावं?
२) प्रत्येक घरात संडास-बाथरूम होईल का?
३) परवानग्या कुठल्या?

कंत्राटदाराने दिलेला अंदाज: वॉटरप्रूफिंगचं रसायन घालून सिमेंट गिलावा, बाथरूमला ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर).

चुनाघाणी
तो अंदाज आहे तसा स्वीकारू नका. जुनी वीट आणि विटांमधले चुन्याचे सांधे ओल शोषतात आणि उन्हावाऱ्यात सोडतात. वर सिमेंट बसलं की ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती आणखी वर चढते, सोबतचे क्षार गिलाव्यामागे साचतात, लोणा लागतो आणि विटेची माती व्हायला लागते. रसायन घातलं तर हेच अधिक घट्ट झाकण होईल.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. गिरगावात बऱ्याच ठिकाणी रस्ता थरावर थर चढून जोत्याच्या बरोबरीला आलाय, त्यामुळे पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशीच थांबतं. मागे घरगल्लीत (इमारतींमधल्या सफाईच्या अरुंद बोळात) फुटलेला बिडाचा पाईप किंवा तुंबलेलं गटार असतं. वर फुटकी कौलं, गळकी पन्हळ. हे बंद केल्याशिवाय गिलाव्यावर एक रुपयाही घालू नका.

मग सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत उतरवा. हातोडी-छिन्नीनेच; ब्रेकर लावला तर विटेचा पृष्ठभाग निघून येतो. विटांमधले सांधे पाऊण ते एक इंच खोल खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा (धुऊ नका, पाण्याबरोबर ते परत आत जातात) आणि भिंत किमान दोन-तीन महिने उघडी ठेवा.

नवीन गिलावा: निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला, लोण्यासारखा चुना १ भाग, वाळू ३ भाग. ओलीच्या पट्ट्यात चुना १, सुरखी (विटांची पूड) १, वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घ्या. कडक भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी संयोग पावत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ म्हणजे पुन्हा लोणा. १०० चौरस फुटांना २० मिमी जाडीसाठी वाळू साधारण ७ घनफूट, चुना ६५ लिटर, नासधूस १० टक्के वेगळी. एका हातात १० मिमीपेक्षा जाड थर देऊ नका. थर आठवडाभर गोणपाटाने दमट ठेवा, पण पाणी ओतू नका. चुना हवेतून घट्ट होतो, तेही महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर. घाईने वाळला तर भुगा होतो.

वर चुन्याचे चार-पाच पातळ हात. प्लास्टिक पेंट लावलात तर वरची सगळी मेहनत वाया जाईल.

सागवान
गिलाव्याइतकंच महत्त्वाचं: तुळयांची भिंतीत गेलेली टोकं. तुळई मधे ठणठणीत असते आणि टोकाला भुसा झालेली असते, कारण ओल तिथे पोहोचते. पेचकस दाबून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला तर टोक गेलं. आर्द्रतामापकावर २० टक्क्यांच्या वर आकडा म्हणजे कुजण्याचा धोका. सगळी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून जुन्या बर्मा सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. मोजमाप स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, सुताराच्या अंदाजावर नको. कापण्याआधी टेकू थेट तळमजल्याच्या जमिनीपर्यंत उतरवा. मधल्या मजल्याच्या पाटणीवर टेकवला तर ती बसेल. टोकाभोवती इंचभर मोकळी जागा ठेवा, सिमेंटने चिणू नका.

भिंतीत पिंपळ असेल तर ओढून काढू नका, मुळाबरोबर विटा येतात. कापा, बुंध्यात भोकं पाडून मूळ मारा, ते वाळल्यावर काढून चुन्याने भरा.

घरगल्ली
बाथरूमचा हिशेब मांडतो. ४ बाय ६ फूट, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. सहा इंच ब्रिकबॅट कोबा सुमारे ६०० किलो. चार इंची विटेच्या दोन नव्या भिंती, एकूण १० फूट लांब आणि ९ फूट उंच, सुमारे दीड टन. लाद्या आणि त्याखालचा मसाला २०० किलो. सगळं मिळून सव्वादोन टनांच्या पुढे. घरगुती वापरासाठी वापराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात, म्हणजे एवढ्या जागेला साडेचारशे किलो. कडीपाट हे किती दिवस पेलेल?

हलका मार्ग आहे. बाथरूम मागच्या भिंतीलगत, सध्याच्या मोरीच्या जागी, प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक. भिंतींना पातळ पोलादी चौकट आणि सिमेंट फायबर बोर्ड. कमोड पी-ट्रॅपचा, म्हणजे त्याचं तोंड आडवं मागच्या भिंतीतून थेट घरगल्लीत जातं, जमिनीखाली भराव लागत नाही. नहाणी ट्रॅपसाठी (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचा भाग) मात्र फरशी पाच-सहा इंच उचलावी लागेल. ती हलक्या चौकटीवर उचला, भरावाने नाही. पाईपला मीटरला २५ मिमी उतार. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवा. लाद्यांआधी ४८ तास पाणी साठवून खालून पाहा. आणि खालच्या घरात त्या जागी फॉल्स सीलिंग करू देऊ नका. गळती झाकली गेली की कळेपर्यंत तुळई जाते.

उभे पाईप भिंतीबाहेर, क्लॅम्पने दोन इंच सोडून. भिंतीत झिरी पाडून आत नेऊ नका. इंजिनिअरने हेही नको म्हटलं तर मागे स्वतंत्र पायावर संडासांचा मनोरा, जुन्या भिंतीपासून सांधा सोडून. त्याला परवानगीचं काम वाढतं, पण कडीपाटावर काहीच भार येत नाही.

नकाशा
परवानग्या थोडक्यात. श्रेणी ३ मध्ये आतून-बाहेरून बदलांना वाव आहे, पण महापालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, आता ते नियम डीसीपीआर २०३४ मध्ये (मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत) आहेत. दुरुस्ती, गिलावा, रंगकामसुद्धा त्यात येतं. अर्ज पालिकेच्या वारसा कक्षाकडे. सोबत मोजणीचे नकाशे, प्रत्येक दर्शनी भागाचे फोटो, कामाची पद्धत. उपकरप्राप्त असल्याने म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही जावं लागेल. दोन्ही अर्ज एकाच संवर्धन वास्तुविशारदाकडून करून घ्या, नाहीतर एका फाईलमध्ये चुना आणि दुसरीत सिमेंट लिहिलेलं असतं.

वाडीकर
खूप उपयोग झाला. मेमध्ये सुरुवात करता येईल का? आणि एसीचं काय?

चुनाघाणी
मेमध्ये फक्त कौलं, पन्हळ, पाईप. १०० चौरस फुटांना साधारण १४० कौलं लागतात, थोडी जास्त आणून ठेवा. सांधे सिमेंटने भरू नका, पुढे एक कौल बदलायचं तर चार फुटतात. गिलाव्याला ऑक्टोबरनंतर हात घाला. सलग पावसात चुना घट्टच होत नाही.

घरगल्ली
एसीचं बाहेरचं यंत्र मागे, विटेच्या भिंतीवर. लाकडी गॅलरीच्या कठड्यावर कधीच नाही. त्याचं पाणी पाईपने गटारापर्यंत न्या. वायरिंग नवं करतानाच एसीला वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची तार, प्रत्येक घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). मीटरचा कप्पा लाकडी जिन्याखाली असेल (बहुतेक चाळींत असतोच) तर सगळ्यात आधी तो हलवा. तिथे ठिणगी पडली तर वरच्या माणसांची उतरायची एकमेव वाट जळते.

वाडीकर
आहे, जिन्याखालीच आहे. या आठवड्यात वीज कंपनीकडे अर्ज करतो.

सागवान
त्याबरोबर कंत्राटदाराकडून नवा अंदाज घ्या. चुना, वाळू, सुरखी, सागवान, टेकू अशी प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या दराने हवी. 'दुरुस्ती, एकरकमी' असं लिहिलेला कागद परत करा. आणि त्याने केलेलं, दोन पावसाळे झालेलं चुन्याचं एक काम जाऊन पाहा. ऑगस्टमध्ये जमलं तर उत्तम.