लॉकडाऊननंतर रेझिन प्लांट चालू करायचाय, आधी काय बघू?

नंदेसरी_शिफ्ट: नमस्कार मंडळी. बडोद्याजवळ नंदेसरी जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) आमचं छोटं युनिट आहे, पॉलिएस्टर रेझिनचं. २४ मार्च २०२०ला रात्री लॉकडाऊनची घोषणा झाली तेव्हा घाईघाईत बंद केलं ते अजून बंदच. आता परवानगी आलीय आणि शेठ म्हणतात सोमवारी बॅच चढवा, ऑर्डरी तुंबल्यात. निम्मे ऑपरेटर युपी-ओडिशाला निघून गेले, तेल तापवायचा हीटर पेटवायची सवय असलेला एकच माणूस उरलाय. स्टायरीनची (रेझिनमध्ये घालायचं द्रव रसायन) टाकी निम्मी भरलेली, बाहेर ऊन मी म्हणतंय. ७ मेला विशाखापट्टणमच्या प्लांटमधनं स्टायरीनची वाफ गळून माणसं गेली ते बघितल्यापासून घरचे रोज तेच विचारतात. सुरुवात कुठून करू?

जुना_केमिस्ट: हीटर राहू द्या बाजूला, आधी टाकी. विशाखापट्टणमला प्लांट बंदच होता आणि तरी झालं ना, कारण स्टायरीन बसल्या जागी स्वतःच पॉलिमर व्हायला (रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट व्हायला) लागतं, त्यातनं उष्णता निघते, उष्णतेने ते अजून जोरात होतं. त्याला थोपवायला टीबीसी नावाचं रसायन घातलेलं असतं पण ते हळूहळू संपतं आणि ऑक्सिजन विरघळलेला असेल तरच काम करतं, म्हणून कोणी हुशारी करून नायट्रोजन सोडून ठेवला असेल तर ते चांगलं नव्हे. तिथे तापमान खालच्या थरातच मोजत होते, वरचा थर तापलेला कळलाच नाही. तेव्हा नमुना वरून, मधून, खालून घ्या, टीबीसी तपासा. आणि थोडं स्टायरीन मेथॅनॉलमध्ये टाकून बघा, गढूळ झालं तर पॉलिमर झालाय, अशा मालाची बॅच घ्यायची नाही, आधी सप्लायरशी बोला.

बॉयलरवाला: केमिस्टकाका बरोबर पण थर्मिक फ्लुइडला (हीटरमधनं फिरून प्लांटला उष्णता देणारं तेल) विसरू नका राव. इतके दिवस थंड पडलेल्या तेलात दमट हवेतनं, नाहीतर कूलरच्या गळक्या ट्यूबमधनं पाणी जातं. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगतं, मग एक्स्पान्शन टँकमधनं गरम तेल बाहेर उसळतं. पंप फिरवत हळूहळू वाढवा, १०० ते ११० अंशांच्या आसपास थांबा, व्हेंट (वाफ-हवा बाहेर सोडायची वाट) उघडा ठेवून वाफ निघू द्या, खडखड आवाज बंद झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. यात अख्खी शिफ्ट जाऊ शकते, शेठना आधीच सांगून ठेवा. आणि थॅलिकवाली (थॅलिक अनहायड्राइड, रेझिनचा कच्चा माल) व्हेंट लाइन उघडून बघाच! ते उडून थंड पाइपात जाऊन गच्च बसतं, वर बाहेरच्या व्हेंटात गांधीलमाश्यांनी घर केलेलं असतं ते वेगळंच.

मकरपुरा_९०: एवढं सगळं करत बसलात तर जून उजाडेल. छोटे लोक आहोत, पगार चालू आहेत, बँकेचा हप्ता चालू आहे. सगळे चालू करतायत की.

जुना_केमिस्ट: भाऊ, ९ मेला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना आल्या त्यात स्पष्ट लिहिलंय, पहिला आठवडा चाचणीचा धरा, उत्पादनाच्या मोठ्या टार्गेटच्या मागे लागू नका. तेच शेठना दाखवा, आमच्यासारख्यांचं कोण ऐकतंय. ६ मेला छत्तीसगडात रायगढला कागद कारखान्यात टाकी साफ करताना कामगारांना गॅस लागला, ते तर नुसती साफसफाई करत होते. नंदेसरीवाले, तुमच्या रिकाम्या टाकीत कोणाला उतरवायचं असेल तर आत गंज चढलेला असतो आणि गंज ऑक्सिजन खातो. वास नाही म्हणून हवा चांगली असं नसतं. मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत डोकंसुद्धा घालायचं नाही.

नंदेसरी_शिफ्ट: खूप आभार. टाकीला टेम्परेचर गेज फक्त खालीच आहे, आत्ता जाऊन बघितलं. आणि एक राहिलं, मार्चमध्ये हाय टेम्परेचरचा इंटरलॉक (तापमान वाढलं की आपोआप बंद करणारी यंत्रणा) सारखा ट्रिप करायचा म्हणून बायपास करून ठेवलेला, तो तसाच आहे. चालेल का पहिल्या बॅचला?

बॉयलरवाला: नाही चालणार. कॅलिब्रेशनवाला (गेज-सेन्सर बरोबर दाखवतात का ते तपासणारा) नाही मिळाला तर बॅच नाही. आणि तो हीटरवाला एकटाच माणूस आहे त्याच्याकडून सलग दोन शिफ्ट करून घेऊ नका, दुसऱ्याला त्याच्या शेजारी उभा करून शिकवा, मग पेटवा.