सल्ला हवा: हीटर, फिल्टर, एअर पंप यांना घरच्या घरी स्वस्तात संरक्षण

नदीकाठ_फोंडा
माशांची टाकी ३६ × १५ × १८ इंच, एकच मोठा फ्लॉवरहॉर्न मासा. १५० वॅटचा काचेचा हीटर, आतला पॉवर फिल्टर, टाकीखालच्या कपाटात एअर पंप, वर एलईडी पट्टी. पाणी बोअरचं. मासा हीटरला सारखा धडका देतो, सक्शन कप उखडून टाकतो. त्यात पावसाळा तोंडावर आलाय, वीज सतत ये-जा करणार. पाचशे-सहाशे रुपयांत घरी काय काय करून घेता येईल? ड्रिल आणि हॅकसॉ आहे.

खाजनवाला
पहिलं काम आजच करा, पैसे लागत नाहीत: एअर पंप कपाटातून काढून पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. पंप खाली असला की वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलट खाली ओढलं जातं, पंपाच्या डायफ्रॅममध्ये (आतल्या रबरी पडद्यात) शिरतं आणि तिथून खालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ठिबकतं. वर जागाच नसेल तर वीस-तीस रुपयांचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप) टाका. तो पंपाजवळ नको, नळी टाकीच्या काठावरून बाहेर येते तिथे बसवा. बसवण्याआधी दोन्ही बाजूंनी फुंकून बघा. ज्या बाजूने फुंकल्यावर हवा जाते ती बाजू पंपाकडे. बोअरच्या पाण्याने त्यात क्षार धरतात आणि झडप अर्धी उघडी राहते, म्हणून वर्षातून एकदा नवा घाला. आणि आवाज कमी व्हावा म्हणून पंप कापडात गुंडाळू नका. गरम होऊन आतलं रबर कडक होतं. खाली स्पंजचा तुकडा पुरे.

पाइपकाम
हीटर गार्ड सांगतो. पिण्याच्या पाण्याचा, आयएसआय शिक्क्याचा ५० मिमी पीव्हीसी पाइप घ्या. हार्डवेअरच्या दुकानात फूट-दीड फुटाचा उरलेला तुकडा मागितला तरी मिळतो. वायरिंगचा कंड्युइट पाइप नको, त्यातलं प्लास्टिक पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं नसतं.

लांबी हीटरच्या काचेपेक्षा ३ सेमी जास्त, ती वाढीव खालच्या बाजूला. हीटरचं डोकं पाइपच्या वर मोकळं राहिलं पाहिजे. १० मिमीची भोकं, साधारण २ सेमी अंतराने, एका ओळीतली दुसरीच्या मधोमध येतील अशी, चारही बाजूंनी. दोन्ही टोकं उघडी ठेवा. कडा कानशीने घासून मग बोट फिरवून बघा. बोटाला लागलं तर माशाच्या अंगालाही लागणार.

हीटर पाइपच्या मध्यावर राहणं सगळ्यात महत्त्वाचं. वर आणि खाली तीन-तीन बाजूंनी ५ मिमीचे नायलॉन स्क्रू, आतबाहेर नट लावून. स्क्रूच्या आतल्या टोकावर सिलिकॉनच्या एअर नळीचा १ सेमी तुकडा चढवा, म्हणजे धक्का थेट काचेला बसत नाही. खालचे स्क्रू तापणाऱ्या कॉइलच्या खाली, काचेच्या रिकाम्या टोकाशी आले पाहिजेत. लोखंडी स्क्रू अजिबात नकोत. सक्शन कप हीटरला न लावता नायलॉनच्या केबल टायने पाइपला बांधा, दोनऐवजी चार.

भोकं कमी पडली तर काय होतं: पाइपमध्ये गरम पाणी साचतं, हीटरच्या डोक्यातला थर्मोस्टॅट तेच पाणी मोजतो आणि लवकर बंद होतो. टाकी मात्र थंडच. म्हणून गार्ड उभा लावा, फिल्टरचं पाणी त्याच्यावर येईल असा, आणि पहिले दोन दिवस टाकीच्या दुसऱ्या टोकाला थर्मामीटर ठेवून बघा.

तिसवाडी_टँक
पाइपकाम यांनी नीट सांगितलंय. माझं एवढंच, की गोव्यात फ्लॉवरहॉर्नला डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री सोडल्या तर हीटर लागतोच कुठे? मार्चपासून तो काढून, पुसून, कापडात गुंडाळून ठेवा. मे महिन्यात पाणी आधीच ३० अंशांच्या आसपास असतं. तेव्हा थर्मोस्टॅट चिकटला तर मासा शिजेल. पाणी बदलताना प्लग आधी काढा, १५ मिनिटं थांबा, मग पातळी उतरवा. तापलेली काच उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी आलं की तडा ठरलेलाच.

वायरमन_म्हापसा
विजेचं मी सांगतो. बोर्ड जमिनीवर नको, भिंतीवर, टाकीच्या बाजूला, वर नको. प्रत्येक वायर सॉकेटच्या १० सेमी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही.

बोर्डावर शिंतोडे उडू नयेत म्हणून जेवणाचा मोठा प्लास्टिकचा डबा उलटा बसवता येतो. वायरींसाठी खालच्या कडेला खाचा, मागच्या बाजूला हवेसाठी भोकं. खाचांत स्पंजचे तुकडे कोंबा, नाहीतर पाल आणि मुंग्या आत घर करतात. हवाबंद करायला जाऊ नका. ॲडॉप्टर तापतो आणि पावसाळ्यात आतच दव धरतं. सिलिका जेलच्या पुड्या आपल्या हवेत काही दिवसांतच भरून जातात, त्यावर खर्च नको.

आता जिथे काटकसर करायची नाही ती गोष्ट. घरच्या मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का बघा. एमसीबी म्हणजे तो नव्हे. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. असेल तर ‘टी’ बटण दाबून ट्रिप होतो का तपासा, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. बजेटबाहेर जाईल, पण जाऊ दे. अर्थिंगही तपासून घ्या. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थ कमजोर पडतो, तेव्हा अर्थ पिटात अधूनमधून पाणी ओतायचं.

नदीकाठ_फोंडा
आभार मंडळी. एलईडी पट्टी एका बाजूने दव धरायला लागली आहे. टाकी जोडायचा सिलिकॉन घरात पडलाय, तोच लावू का? आणि फिल्टर मध्येच घुरघुरतो.

पाइपकाम
तो लावू नका. टाकीच्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, ते ॲसिटिक ॲसिड. काचेला उत्तम, पण पट्टीतल्या तांब्याला आणि सोल्डरला खातं. पट्टीसाठी न्यूट्रल क्युअरचा, म्हणजे सुकताना हे ॲसिड न सोडणारा घ्या. आधी पट्टी उन्हात पूर्ण वाळवा, मग टोकं भरा, २४ तास हात लावू नका. उलट बाजूने, बाथरूमचा बुरशीरोधक सिलिकॉन टाकीच्या आत कधीच नको, त्यातलं औषध माशाला विषारी. शिवाय टाकीवर ४ मिमी काचेचं झाकण टाका, मागे २ सेमी फट ठेवून. ॲक्रिलिक नको, ते वाफेने वाकतं.

तिसवाडी_टँक
फिल्टरच्या तोंडावर जाड छिद्रांचा ॲक्वेरियम स्पंज चढवा. गादीचा फोम किंवा भांड्यांची घासणी नको. दर आठवड्याला टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. स्पंज तुंबला की पाणी कमी ओढलं जातं, आणि ही मोटर त्याच पाण्याने थंड होत असल्याने तापते. घुरघुर बहुतेक इंपेलरवरच्या (मोटरमधल्या चुंबक लावलेल्या फिरत्या पंख्यावरच्या) क्षारांची. १ लिटर पाण्यात १ सपाट मोठा चमचा सायट्रिक ॲसिड, अर्धा तास, मग जुन्या टूथब्रशने इंपेलर आणि त्याची खोबणी दोन्ही घासा. चुंबकाच्या कवचाला चीर दिसली तर तो इंपेलर भिजवू नका, बदला.

नदीकाठ_फोंडा
सायट्रिक ॲसिडऐवजी घरचं माडाचं व्हिनेगर चालेल?

तिसवाडी_टँक
क्षार निघतील, पण त्यात साखर आणि गाळ असतो, तो खोबणीत बसतो. पांढरं व्हिनेगर घ्या, निम्मं पाणी घालून. कशानेही धुतलं तरी नंतर तीनदा साध्या पाण्याने खळखळून काढा.