मदत हवी आहे: जुन्या पेन्शनसाठी जाहिरातीचा पुरावा कुठून आणायचा?

नमस्कार मंडळी. माझे यजमान जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक आहेत. जाहिरात ऑगस्ट 2005 ची, रुजू झाले फेब्रुवारी 2006 मध्ये. म्हणजे जुन्या पेन्शनची 1 नोव्हेंबर 2005 ची रेषा (त्या तारखेपासून रुजू झालेल्यांना ती पेन्शन नाही) तीन महिन्यांनी हुकली आणि एनपीएस, म्हणजे पगारातून कपात होणारी नवी पेन्शन योजना, गळ्यात पडलं.

2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जाहिरात त्या तारखेआधीची असेल तर 1982 च्या नियमांची जुनी पेन्शन निवडायची एकदाच संधी दिली. जिल्हा परिषदेलाही ते लागू झाल्यावर यांनी मुदतीत विकल्प भरला, पोचही आहे. आता कार्यालय म्हणतं, मूळ जाहिरातीचं कात्रण आणा. वीस वर्षांपूर्वीचा पेपर कोण जपून ठेवतं हो? रद्दीत गेला केव्हाच! नेमणूक आदेशात जाहिरातीचा नुसता क्रमांक आहे, तारीख नाही. मुलाखतीचं पत्र सापडलं, पण ते डिसेंबरचं.

अशा वेळी कोणाचं काम कशावर झालं? माहिती अधिकारात भरतीची फाईल मागावी, की वर्तमानपत्राच्या कार्यालयातून जुना अंक मिळतो?

आणखी एक. एनपीएसमधला आपला हिस्सा जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) खात्यात वळता व्हायला कुणाला किती महिने लागले? तोवर पगारातून 10 टक्के कपात चालूच राहते का?