स्वप्नात सारखे हात दिसतात, अर्थ काय?

घोडबंदरकर: आठवडाभर पहाटे तेच स्वप्न, नुसते हात, चेहरा नाही, मनगटात पाटल्या आणि अंगठ्याला कणीक चिकटलेली, आजी जाऊन तीन वर्षं झाली, तिचेच वाटतात. अशुभ नाही ना काही?

नेरूळची मावशी: अशुभ कसलं रे, उठल्या उठल्या आपण तळहातच बघतो ना! आठवण येतेय तिची, बास.

ऐरोली लोकल: मेंदूत हाताबोटांना पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा असते, आणि रेम झोप, म्हणजे जिच्यात जास्त स्वप्नं पडतात ती, पहाटेकडे वाढत जाते म्हणून तेव्हाची स्वप्नं लक्षात राहतात. बाकी हात उशीखाली दाबून झोपतोस का? मला मुंग्या आल्या की स्वप्नात हात गायबच असतो 😅

घोडबंदरकर: हो राव, उजवा रोज उशीखालीच. पण मग कणीक कुठून आली?