मरणाची, तरी धीर देणारी पुस्तकं: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आत्या गेली. दहावं झाल्यावर घर खायला उठलं, तेव्हा एक जुनं पुस्तक काढून बसले. म्हणून विचारते, मरणाबद्दलचं असूनही जीव हलका करून गेलं असं पुस्तक कोणतं? परीक्षण नको. कधी नि का वाचलंत, ते सांगा.

* * *

टॉलस्टॉयची 1886 ची 'इव्हान इलिचचा मृत्यू'. बाबांच्या उशाशी जागताना मोबाइलवर वाचली. इलिच मरायला टेकलाय आणि सगळे 'बरं वाटेल' म्हणताहेत. एकटा गेरासिम, खेड्यातला नोकर, खोटं बोलत नाही. मालकाचे पाय खांद्यावर धरून बसतो, तेवढ्यानं त्याचं दुखणं उतरतं.

आमच्याकडेही 'नवीन औषध लागू पडतंय' चालूच होतं. पहाटे तीनला मी पलंगाच्या पायथ्याशी बसलो आणि बाबांचे पाय खांद्यावर घेतले. टाचा भेगाळलेल्या, गार.

"काय रे हे?"

"असंच."

पाच मिनिटांत घोरायला लागले. माझा खांदा मात्र आठवडाभर धरला होता. सकाळी औषधाचा विषय मी काढला नाही. तेच म्हणाले, लॉकरची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात आहे, लक्षात ठेव.

* * *

अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांचं म्हातारपण नि मरणाबद्दलचं 'बीइंग मॉर्टल'. आम्ही उमरखेडचे, त्यांच्या आजीच्या नावाचं कॉलेज इथलंच. पुस्तकात त्यांचे आजोबा आहेत, एकशे दहाच्या घरात गेलेले, उतारवयातही घोड्यावरून शेतं बघणारे, सगळं घर दिमतीला. वाचून मी भारावले. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्यांच्या सुनांचं पुस्तक कोण लिहिणार?"

* * *

बॅकमन यांची 'अ मॅन कॉल्ड ऊव्ह', मूळ स्वीडिश. बायको गेल्यावर जगायचंच नाही असं ठरवून बसलेला, साब गाडीवाला खडूस माणूस. शेजारी मात्र काही ना काही मागायला येतच राहतात. आमचे सासरे तसेच, पार्किंगवरून भांडणारे. पुस्तक वाचून शेजारच्या मुलाला पढवलं, आजोबांकडे पाना मागायला जा. आता तो न सांगता जातो. परवा दोघांनी मिळून त्याची सायकल पार खिळखिळी केली.

* * *

मला नाही झेपत ही पुस्तकं. नवरा गेल्यावर 'ट्यूजडेज विथ मॉरी'च्या तीन प्रती भेट आल्या, एकही उघडली नाही. खालच्या काकू तेरा दिवस पिठलं-भाकरी देत होत्या, एक शब्द न बोलता. त्यांचा एक डबा अजून माझ्याकडेच आहे. झाकण सापडत नाहीये.