हॉस्टेलवरची पोरं एकटी पडतायत, त्याला इन्स्टाच जबाबदार आहे (चर्चा)

सेकंड_इयर_एमएस्सी:
पुण्यात शिकतोय, हॉस्टेलला आहे. रात्री आमच्या मेसमध्ये या एकदा, सगळी टेबलं भरलेली पण कुणी कुणाशी बोलत नाही, प्रत्येकाने पाण्याच्या जगला मोबाईल टेकवलाय आणि रील्स चालू. शेजारच्या रूममधला पोरगा दिवाळीनंतर लेक्चरला फिरकलाच नाही आणि आम्हाला पत्ता नाही, कारण स्टोरी रोज पडत होती, वाटलं मजेत आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता, २०१८ ला छापून आला. एका गटाला फेसबुक, इन्स्टा, स्नॅपचॅट दिवसाला १०-१० मिनिटंच वापरू दिलं, ३ आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य दोन्ही कमी झालं. अजून काय पुरावा पाहिजे?

खानदेशी_पोरगा:
नाही पटलं भाऊ. मी नंदुरबारकडचा, पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत, वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. तेव्हा आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनेच सांभाळलं, नोट्स, स्वस्तातली मेस, स्कॉलरशिप अडकली तर कुठल्या टेबलावर जायचं, सगळं तिथेच कळलं. मोबाईल नसता तर मी पहिल्या सेमलाच बॅग भरून घरी गेलो असतो. आणि संशोधनच पाहिजे तर ऑक्सफर्डच्या ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्कीचं २०१९ चं बघा, साडेतीन लाखांवर मुलांचा डेटा, मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग स्क्रीनशी जोडता आला. तुमच्या शेजाऱ्याचं दार कुणी वाजवलं होतं का ते सांगा आधी.

सेकंड_इयर_एमएस्सी:
नव्हतं वाजवलं, आणि तेच म्हणतोय, स्टोरी दिसते म्हणून कुणी दार वाजवत नाही. ०.४ टक्केवाला डेटा शाळकरी वयाच्या पोरांचा आहे आणि त्यात टीव्ही, गेम सगळं एकत्र धरलंय. कॉलेजचंच बघायचं तर फेसबुक २००४ ला हार्वर्डमधून सुरू झालं आणि मग एकेक कॉलेज करत पसरलं, संशोधकांनी ते टप्पे धरून तुलना केली (२०२२ ला आलं) तर जिथे फेसबुक पोचलं तिथल्या विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य ढासळलं. तालुक्याच्या ग्रुपला माझा विरोध नाहीच, विरोध रात्री दोनपर्यंत दुसऱ्यांचे पॅकेज आणि गोवा ट्रिप बघत बसण्याला आहे.

स्टाफरूममधून:
मी कॉलेजात शिकवते. माझ्याकडे रडत आलेल्या मुलांची कारणं ऐकलीत तर मोबाईल फार नंतर येतो. फी भरायला घरी कर्ज काढलेलं, बॅकलॉग, घरून रोजचा एकच प्रश्न "नोकरीचं काय झालं". हे कुणाला सांगता येत नाही म्हणून मुलं स्क्रीनमध्ये डोकं घालतात, आणि आपण स्क्रीनलाच रोग ठरवून मोकळे होतो. आमच्याकडे कौन्सेलर आहे पण तिची खोली ऑफिसला लागून, फॉर्म भरायच्या रांगेतून सगळ्यांदेखत आत जावं लागतं, मग कोण जाणार? तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सेव्ह करून ठेवा, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

खानदेशी_पोरगा:
मॅडम, कौन्सेलरची खोली हलवायला किती खर्च येतो हो? या सेमला तुम्ही स्टाफ मीटिंगमध्ये विषय काढा, आम्ही पोरं सह्या गोळा करून देतो.