पदकावरचे जुळलेले हात: हस्तांदोलन की पाणिग्रहण?

प्रश्न: लग्नाच्या 25व्या वाढदिवसानिमित्त पाडलेल्या चांदीच्या पदकाचं वर्णन लिहायचं आहे. दर्शनी बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन उजवे हात, भोवती आपलीच शेपूट तोंडात धरलेला साप. मागे फांद्या एकमेकींत शिरलेली दोन झाडं. हातांना ‘हस्तांदोलन’ म्हणावं का?

उत्तर: नको. त्यात ‘आंदोलन’ आहे, हात हलवणं आहे. भेटले, हात मिळवला, निघाले असा त्याचा भाव. पदकावरचे हात धरलेले आहेत, सुटायला नव्हे. ही खूण रोमन काळापासूनची. रोमन शवपेट्यांवर पती-पत्नी उजव्या हातात उजवा हात देऊन उभे दिसतात, कधी मध्ये एकोप्याची देवता कंकॉर्डिया असते. पुढे सतराव्या शतकात जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या विवाहपदकांवर हेच हात आले, बऱ्याचदा ढगांतून बाहेर आलेले.

सापाला शेषनाग म्हणू नका. शेषाला ‘अनंत’ म्हणतात खरं, पण तो विष्णूची शय्या. वाचक भलतीकडेच जाईल. ‘शेपूट तोंडात धरलेला साप’ असंच लिहा. अर्थ: ज्याला सुरुवात नाही, शेवट नाही.

झाडं नीट पाहा. एक ओक आणि दुसरं लिंडन असेल, तर ती फिलेमोन आणि बॉसिस असण्याची बरीच शक्यता. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत हे म्हातारं जोडपं देवांकडे मागतं: आम्हाला एकाच वेळी मरण द्या. देव दोघांची झाडं करतात. तसं असेल तर ‘वृक्ष हे समृद्धीचं प्रतीक’ असं ठोकळेबाज वाक्य लिहून ती कथा घालवू नका.

प्रश्न: मग हातांना ‘पाणिग्रहण’?

उत्तर: मला तिथे अडचण वाटत होती. पाणिग्रहण हा लग्नाचा विधी, तोही वराने वधूचा हात धरण्याचा. इथे दोघांनी एकमेकांचा धरलाय, आणि पंचवीस वर्षांनंतर. पण ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात (10.85.36) हात धरताना वर म्हणतो, ‘मया पत्या जरदष्टिर्यथासः’, माझ्यासह तू म्हातारी होईपर्यंत जग. म्हणजे पुढची वर्षं त्या शब्दात पहिल्यापासूनच आहेत. तेव्हा शीर्षकात पाणिग्रहण खुशाल वापरा. वर्णनात मात्र ‘एकमेकांचे धरलेले उजवे हात’ लिहा. ‘उजवे’ गाळू नका.